गिरणीत शिकलेली फ्रेंच

फ्रेंच मी का शिकले, हे मला आजवर इतक्या जणांनी विचारलं आहे की आता उत्तर द्यायचं सोडून मी उलट विचारते, "तुम्ही इंग्रजी का शिकलात?" मग समोरचा माणूस घसा खाकरतो आणि पाऊसपाण्यावर येतो. इंग्रजीला कोणी कारण विचारत नाही आणि फ्रेंचला सगळे विचारतात, त्यातही बाईला जरा जास्तच विचारतात, याचा मला राग येतो. तो मी लपवत नाही.

कारण साधं होतं. लग्न होऊन मी किन्हीराजाहून वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावला आले तेव्हा माझ्याजवळ बी.एस्सी. होतं, बी.एड. होतं आणि सासरी पिठाची गिरणी होती. विज्ञान शिकवायची जागा निघाली की अर्ज करायचे. तिथे कोणाचा तरी पुतण्या नाहीतर कोणाची तरी भाची आधीच बसलेली असायची. मुलाखत म्हणजे नुसता चहापाण्याचा कार्यक्रम. अशा चार-सहा ठिकाणी चहा पिऊन झाल्यावर कळलं की वाशिमच्या एका इंग्रजी शाळेला आठवीपासून फ्रेंच सुरू करायची आहे आणि शिकवायला माणूस मिळत नाही. मी तडक गेले. मुख्याध्यापक म्हणाले, आमची आत्ता सहावीत असलेली मुलं आठवीत जाईपर्यंत अमुक एका पातळीची परीक्षा पास होऊन या, जागा तुमची. मला तेव्हा फ्रेंचमधलं 'नमस्कार'सुद्धा येत नव्हतं. पण एक गोष्ट मला पक्की कळली होती. फ्रेंच येणारा पुतण्या साऱ्या जिल्ह्यात कोणाच्याच घरी नव्हता.

पुण्याच्या एका मॅडमचा ऑनलाइन वर्ग लावला. शिकणं जमत होतं, बोलायची सोय मात्र नव्हती. आमचं घर तीन खोल्यांचं. एका खोलीत टीव्ही, दुसऱ्या खोलीत सासूबाई, आणि तिसऱ्या खोलीत मी तोंड उघडलं की दोन्ही खोल्या कान देऊन ऐकायच्या. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी दारातून विचारलं, "कोनाशी भांडून राह्यली वं?" मी म्हटलं, "अभ्यास करून राह्यली." त्यांना ते भांडणापेक्षा वाईट वाटलं.

आमच्याकडे सासरा सुनेशी थेट बोलत नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, मला काही सांगायचं झालं की सासूबाईंकडे बघून बोलायचे. "तिले म्हना, चहा ठेव." मी तिथेच दोन हातांवर उभी असायचे. माझ्या फ्रेंचचा विषयही त्यांनी असाच काढला. "तिले इचारा, कायले पाह्यजे फ्रेंच? फ्रान्सचं दयन येनार हाये का आपल्या गिरनीत?" हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की गिरणीबाहेरच्या खुर्चीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवू लागले. मी आल्यापासून दळण मी बघायचे आणि मामाजी खुर्चीवर बसून राजकारण बघायचे. आता त्यांना राजकारणाच्या जोडीला मी मिळाले.

माझ्या नवऱ्याचे दोन्ही डगरींवर हात. माझ्याशी बोलताना माझ्या बाजूचे, वडिलांसमोर वडिलांच्या बाजूचे, आणि आम्ही दोघं एकदम समोर आलो की त्यांना त्यांच्या दुकानात काम निघायचं.

मग एक दिवस गहू ओतता ओतता मी सहज वर्गातलं एक वाक्य मोठ्यानं म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं नाही. मोटार, पट्टा, जातं, सगळं एकदम चालू असलं की आमच्या गिरणीत माणूस शेजारी उभं राहून बोंबलला तरी कळत नाही. गिऱ्हाईक हातवारे करून सांगतं, जाडं दळा, बारीक दळा. म्हणजे साऱ्या मालेगावात मला मनसोक्त बोलायला एकच जागा होती, आणि ती गावातली सगळ्यात गोंगाटाची जागा होती. त्या दिवसापासून माझी फ्रेंच गिरणीत शिरली. सकाळी बटण दाबायचं, पट्टा फिरला की तोंड उघडायचं.

सगळ्यात छळलं ते सर्वनामांच्या रांगेनं. मला, तुला, ते, त्याला, हे सगळे शब्द फ्रेंचमध्ये क्रियापदाच्या आधी येऊन उभे राहतात, आणि रांगही ठरलेली. 'तो मला ते देतो' म्हणताना 'मला' आधी, 'ते' नंतर. पण 'तो त्याला ते देतो' म्हणताना 'ते' आधी आणि 'त्याला' मागे. बोलणारा आणि ऐकणारा वस्तूच्या पुढे, आणि जो तिसरा आहे तो वस्तूच्याही मागे. हे वाचलं तेव्हा 'तिले म्हना' आठवून मी एकटीच खूप हसले. नियम कळायला पाच मिनिटं लागली, पण बोलताना जिभेवर यायला महिने गेले. विचार करून रांग लावायला गेलं की समोरचा माणूस घरी निघून जाईल. म्हणून मी पाढ्यांसारखी घोकायला लागले, पट्ट्याच्या ठेक्यावर: म, त, स, नू, वू! ल, ला, ले! लुई, लर! ई, आँ! ज्वारीच्या डब्याला तीन वेळा व्हायचं, गव्हाच्या डब्याला जास्त, कारण गव्हाला वेळ लागतो.

एका गुरुवारी वीज, म्हणजे आमच्याकडची लाईन, गेली, जातं थांबलं, आणि मी थांबायच्या आत 'लुई, लर' सगळ्यांना ऐकू गेलं. समोरच्या आळीतली एक म्हातारी डबा घेऊन उभी होती. तिनं हात जोडले. "लय कडक मंत्र दिसते, बाई. कोन्या देवाचा?" मी म्हटलं, "परदेशी हाये." ती म्हणाली, "असू दे. देव त देवच." तेव्हापासून तिचं पीठ चांगलं येतं असं ती सांगते, आणि मी तिला अडवत नाही.

दुसरी गोष्ट होती भूतकाळाची, आणि ती मला फुकटात मिळेल असं वाटलं होतं. आपण म्हणतो, मी ज्वारी दळली, मी गहू दळले, मी बेसन दळलं. दळणारी मीच, पण क्रियापद बघतं दळलेल्या वस्तूकडे. फ्रेंचमध्येही तसं आहे म्हटल्यावर मी खूश. वर्गातल्या बाकीच्यांनी डोकं धरलं होतं आणि माझ्या मनात लाडू फुटत होते. पण त्यांच्यात एक मेख आहे. वस्तू क्रियापदाच्या आधी आली असेल तरच तिची दखल. मागून आली तर क्रियापद तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मला ते झेपेना. मी दिसेल त्या वस्तूप्रमाणे क्रियापद फिरवत सुटले. मॅडम वैतागायच्या. "अहो, ती मागून आली आहे. तिच्याकडे बघू नका!" माझ्याच्यानं बघितल्याशिवाय राहवायचं नाही. मागून आली म्हणून ओळख दाखवायची नाही, ही कुठली रीत? मी त्यांना सरळ सांगितलं की हा नियम मला पटत नाही. त्या म्हणाल्या, "पटवून घेऊ नका, पाठ करा." मी पाठ केला. पण पटला नाही तो नाहीच.

परीक्षेची तारीख लागली तेव्हा मामाजींनी निकाल आधीच लावला. जेवताना सासूबाईंना म्हणाले, "तिले म्हना, एकदा देऊन पाह्य. पास झाली त जाय वाशिमले. नापास झाली त हे बडबड बंद, पुन्हा नाव काढाचं नाही." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. एकदाच म्हणजे एकदाच. त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही, कारण मला ती नोकरी हवी होती. गिरणीचा मला राग नव्हता. पण शिकलेलं सगळं पिठाखाली पुरून टाकायचं आणि वर हसत डबे उचलायचे, ते मला जमणार नव्हतं.

लेखी बरी गेली. तोंडी परीक्षेला एक वयस्क फ्रेंच बाई समोर होत्या. मी चिठ्ठी उचलली: तुम्ही घेतलेली प्रवासाची बॅग खराब निघाली आहे, दुकानदार परत घेत नाही, त्याला पटवा. दुकानदार त्या बाई. मी सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी तळहात खाली केला. इतकं मोठ्यानं नको, म्हणाल्या. त्या बारक्या, गालिचा घातलेल्या खोलीत मी मोटार, पट्टा आणि जात्याच्या वरच्या पट्टीत बोलत होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी फ्रेंच कधी हळू बोललेच नव्हते.

आवाज उतरवला आणि सगळंच उतरलं. कुठलं सर्वनाम कुठे, काही सुचेना. 'तुम्ही ती मला' म्हणायचं की 'तुम्ही मला ती', जीभ अडून बसली. बाई वाट बघत होत्या. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता, स्वतःवर नव्हे, त्या गालिच्यावर. गालिचा घातलेल्या खोलीत शिकायला मिळालं असतं तर मीही कुजबुजले असते. मी मान वर केली आणि त्यांना फ्रेंचमध्येच सांगितलं, "मॅडम, मी ही भाषा पिठाच्या गिरणीत शिकले आहे. हळू मला येत नाही. मोठ्यानं येते. मी मोठ्यानं बोलणार."

त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी खुर्ची थोडी मागे सरकवली आणि म्हणाल्या, बोला.

मग मी भांडले. पीठ जाडं झालं, पीठ कमी भरलं, माझ्या ज्वारीत हिची बाजरी आली, अशी भांडणं मी रोज पदरात घेत होते. त्या दिवशी पहिल्यांदा गिऱ्हाईक मी होते. 'वू म लाव्हे वाँद्यू!' तुम्हीच मला ही विकली! बॅग आधी आली होती, म्हणून तिला तिचा मान देऊन 'झ ले उव्हेर्त', मी ती एकदाच उघडली, शेवटच्या 'त'वर जोर देऊन सांगितलं. बाहेरून कोणीतरी दार किलकिलं करून बघून गेलं. शेवटी बाई म्हणाल्या, बरं, बॅग बदलून देते. मी म्हटलं, बदलून नको, दुसऱ्या रंगाची द्या. तेव्हा त्या हसल्या.

मी पास झाले. बोलण्यात गुण फार नाहीत, लिहिण्यात बरे, पण पास. शाळेचा फोन आला, जूनमध्ये या. घरी पेढे आणले. मामाजींनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि सासूबाईंना म्हणाले, "पास झाली, चांगलं झालं. पन सकायचं दयन कोन पाहीन? तिले म्हना, आता फ्रेंच घरीच ठेव."

इतका वेळ मी नापास व्हायला घाबरत होते. पास होऊनही तेच होईल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सासूबाई माझ्याकडे वळल्या, निरोप सांगायला. मी त्यांना हातानं थांबवलं.

"मामाजी, मले म्हना," मी म्हणाले. "मी इथंच उभी हाये."

त्या घरात सुनेनं असं थेट बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. मामाजी मुलाकडे बघू लागले, मुलगा पंख्याकडे.  मी पुढे बोलले, "तुमीच म्हनलं व्हतं, पास झाली त जाय. मी पास झाली. मी जानार."

मामाजी उठून बाहेर गेले. त्यानंतर जूनपर्यंत त्यांनी मला निरोपसुद्धा पाठवला नाही. त्यांना वाटत होतं, शाळा सुरू होईल त्या दिवशी सकाळी ही बसस्टॉपवरून परत येईल. मलाही एक-दोनदा तसं वाटलं. पण सातची बस आली आणि मी चढले.

दुपारी उतरून घराकडे वळले तर गिरणीसमोर डब्यांची रांग. बायका ओट्यावर बसलेल्या, पदरानं वारा घेत. गिरणीचं शटर अर्धं खाली, आणि मामाजी खुर्चीवर. सकाळपासून प्रत्येकीला ते सांगत होते, "लाईन नाही." समोरच्या दुकानातला पंखा जोरात फिरत होता. मामाजींची लाज राखायला म्हणूनही त्या दुकानदारानं तो बंद केला नव्हता.

एकीनं मला बघून विचारलं, "सूनबाई, लाईन कवा येनार वं?"

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. मधे सासूबाई नव्हत्या, मुलगा नव्हता. सरळ माझ्याकडे.

"लाईन सकायपासून हाये, मावशी," मी म्हणाले. "मी नव्हती. मी वाशिमले शिकवाले गेली व्हती. उद्यापासून दयन चार वाजल्यावर."