गाडीच्या नाकाला खळ

आमच्या घरात मोटार आली ती सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. हे सांगितलं की लोक हसतात. मला हसवायचंच असतं, पण ते खरंही आहे. भिवंडीजवळ टेमघरला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मी शाळेत शिकवत होते, नवरा अंबरनाथला कारखान्यात शिफ्टवर जायचा, आणि सासूबाई ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांना गुण देत बसायच्या. संधिवातानं त्यांचे गुडघे आणि बोटं धरली होती. औषधं झाली, तेलं झाली, शेकून झालं. शेवटी कुणीतरी गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांचं नाव काढलं. एकदा जाऊन आल्या आणि पुढचे तीन दिवस भिंत न धरता चालल्या. मग काय, दर रविवारी कुंड.

एस.टी.ची पायरी मात्र त्यांना चढवेना. एकदा कंडक्टरनं वरून ओढलं, मी खालून ढकललं, आणि मधोमध अडकलेल्या सासूबाईंनी कंडक्टरला विचारलं, "गोणी चढवतोयस का रे? मग हमालीचं आधी ठरव." सगळी गाडी हसली. त्या हसल्या नाहीत. परत आल्यावर म्हणाल्या, एस.टी. बस झाली.

त्यांचं हे असं होतं. एकदा सोडलं की सोडलं. पायऱ्यांपायी देऊळ सोडलं, बहिणीकडे जाणं सोडलं, लग्नकार्यं सोडली. दर वेळी मी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ या. पुढचं वर्ष यायचं, त्या काही खुर्चीतून उठायच्या नाहीत. बाहेरचं असं आता कुंडच तेवढं उरलं होतं. ते सुटलं असतं तर ओटा आणि खाट, खाट आणि ओटा.

म्हणून गावातल्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी आम्ही घेतली. नवऱ्याला रविवारी हटकून डबल ड्युटी, तेव्हा चालवायला शिकले मी. नव्वद सालाच्या मागेपुढे भिवंडीत मोटार चालवणारी बाई म्हणजे सर्कसच. लूमवाले कारखान्यातून दारात येऊन उभे राहायचे. पहिले दोन रविवार मी मान खाली घालून गेले, तिसऱ्या रविवारी पुढाऱ्यासारखा हात हलवला, आणि चौथ्या रविवारी समोरून दोघांनी हात हलवला.

हौस तिथे संपली. सोमवार ते शनिवार शाळा, डबे, वह्या. रविवारी पहाटे उठून सासूबाईंना तयार करायचं, तीस किलोमीटर न्यायचं, कुंडात उतरवायचं, चढवायचं, पुसायचं, परत आणायचं. मी किती थकलेली असायचे याला एकच पुरावा देते. एकदा हजेरी घेता घेता मी माझंच नाव पुकारलं आणि कुणीच ओ दिली नाही म्हणून गैरहजेरी मांडली.

त्यात उन्हाळा लागला आणि गाडीनं नाटक सुरू केलं. अंबाडी नाका मागे पडला की रस्ता थोडा चढतो. तिथे आली की ती खोकायची, आचके द्यायची आणि गप्प व्हायची. मग बॉनेट उघडून अर्धा तास थांबायचं. थंड झाली की निमूट चालू. असं लागोपाठ तीन रविवार झालं. तिसऱ्या वेळी सासूबाई मागच्या सीटवर पदरानं वारा घेत बसल्या होत्या. खिडकीतून म्हणाल्या,

"सूनबाई, एक सांगून ठेवते. अजून एकदा ही बंद पडली, की माझं कुंड संपलं. मला रस्त्याकडेला कुरडईसारखी वाळत घालतेस."

"आई, यंत्र आहे ते. चालायचंच."

"चालायचंच कुठे? चालत नाही म्हणून तर बोलतेय."

सासूबाईंना एकदा बोललेलं मागे घेताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या शेजारी एक चाचा राहायचे. मूळचे कोकणातले, भिवंडीत त्यांच्या दोन पिढ्या गेलेल्या. सायझिंगमध्ये, म्हणजे जिथे लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावतात तिथे, ते बॉयलर सांभाळायचे. तीस वर्षं वाफेत काढल्यामुळे जगात त्यांना दोनच गोष्टी दिसायच्या, गरम पाईप आणि थंड पाईप. शनिवारी दुपारी मी त्यांना गाडी दाखवली. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, इंजिन चालू करायला लावलं, एका नळीवर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला.

"भाबी, ये देखो. इंजिन इथून हवा घेतं. आणि ही नळी कुठून जाते? सायलेन्सरच्या डोक्यावरून. नाक चुलीवर ठेवून कोण श्वास घेतो काय?"

"मग काय करायचं?"

"हिला कपडे घालायचे. आमच्या स्टीमच्या पाईपला घालतो तसे. तिथे आतली गर्मी बाहेर जायला नको, इथे बाहेरची आत यायला नको. बात एकच."

मला ते इतकं पटलं, की मी शाळेत असते तर फळ्यावर लिहून घेतलं असतं.

सामान जमवायला तास लागला नाही. बॉयलरच्या दारातून निघालेली ॲस्बेस्टॉसची जुनी दोरी चाचांनी आणली. तिची धूळ फुप्फुसाला लागते म्हणून आज तिचं नाव काढलं तरी डॉक्टर खोलीबाहेर जायला सांगतात. आम्ही ती मांडीवर घेऊन उकलली. चहाच्या खोक्यात आतून लावलेला चंदेरी कागद मी वाण्याकडून मागून आणला. लूमच्या कोऱ्या कापडाच्या पट्ट्या घरात होत्याच, भिवंडीत त्या कुणाच्या घरात नसतात? आणि माझ्या पातेल्यात, माझ्या स्टोव्हवर, चाचांनी चिंचोक्याच्या पिठाची खळ शिजवली. त्या पातेल्यातला भात पुढे दोन महिने चिंचोक्याचा लागत होता.

मग अंगणात कार्यक्रम सुरू झाला. चाचांनी नळी सोडवून पाटावर घेतली. आधी दोरीचे वेढे, एकाला एक खेटून. त्यावर चंदेरी कागद, चकचकीत बाजू बाहेर. पुढे नळी घासून फाटू नये म्हणून वर कापडाची पट्टी, अर्धी पट्टी पहिल्या वेढ्यावर चढवत. मी टोक धरून उभी, चाचा पाटाभोवती फिरतायत, आणि सासूबाई खुर्चीतून बघतायत.

"भाऊ, नवरदेवाला फेटा बांधताय का?"

"आई, हा नवरा उद्या तुम्हाला गणेशपुरीला घेऊन जाईल."

"मला नेणारा एकच होता. तो मला न घेताच गेला."

सासूबाई गालात हसत होत्या, तेव्हा आम्हीही हसून घेतलं.

नळीचं तोंड तेवढं उघडं राहिलं होतं. चाचांनी आभाळाकडे बोट दाखवलं. आमच्याकडे हवेत बारा महिने कापसाची तूस उडते. लूमच्या शेडमधून निघते आणि भांड्यांवर, पापण्यांवर, दुधाच्या सायीवर बसते. प्रत्येक घरात माठावर फडकं, खिडकीला फडकं. "खुला ठेवला तर तूस आत जाईल," ते म्हणाले. मलमलचा पातळ चौकोन त्यांनी तोंडावर ताणून बसवला आणि तारेनं आवळला. मलमलमधून हवा जातेच, यात वाद नव्हता. मग ब्रश घेतला आणि अख्ख्या नळीवर खळीचा हात फिरवला, पहिला, दुसरा, तिसरा. नळी संध्याकाळपर्यंत उन्हात वाळली. मग चाचांनी ती जागेवर बसवली तेव्हा बॉनेटमध्ये प्लास्टर घातलेला हात ठेवल्यासारखी दिसली.

रविवारी सात वाजता निघालो. गावात गाडी चालली, पण जरा दमलेली वाटली. मला वाटलं, माझीच दमणूक मला तिच्यात दिसतेय. गाव सुटलं, वेग घ्यायची वेळ आली आणि ती घ्यायलाच तयार नाही. पाय दाबला की धाप लागते. आरशात पाहिलं तर मागे काळा धूर. अंबाडी आलं, चढ आला, आणि पहिला आचका बसला.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर गप्पांमध्ये कधी सांगितलं नाही. लोकांना फेटा सांगते, पातेलं सांगते. मनात असं आलं, की पडू दे बंद. पडली की संपलं. पुढच्या रविवारी मी आठ वाजेपर्यंत झोपेन, जमिनीवर, चटईवर, कुठेही. दुसरा आचका बसला. आरशात सासूबाई दिसत होत्या. दोन्ही हातांनी पुढची सीट धरून त्या ताठ बसल्या होत्या आणि रस्त्याकडे असं बघत होत्या, जसं परीक्षेच्या निकालाच्या दिवशी पोरं फळ्याकडे बघतात. तिसरा आचका यायच्या आत मी गाडी कडेला घेतली आणि स्वतःच्या हातानं किल्ली फिरवली.

"काय झालं?" मागून आवाज आला.

"काही नाही, आई. जरा बघते."

"बंद पडली?"

"नाही. मी बंद केली."

या गाडीचा खोकला त्यांना माझ्याइतकाच पाठ होता. तरी म्हणाल्या, "बघ मग लवकर. ऊन चढतंय."

बॉनेट उघडलं आणि नळीच्या तोंडावर टिचकी मारली. टण्ण. तबल्याच्या शाईवर मारावी तशी. हवा जाणारी मलमल खळीचे तीन हात पिऊन, वाळून, पत्रा झाली होती. बिचारी गाडी सांध्यांच्या फटींतून मिळेल तेवढ्या हवेवर अंबाडीपर्यंत आली होती. मी केसातला आकडा काढला, मलमल भोसकली आणि टराटरा फाडून काढली.

त्यानंतर गाडी कशी चालली म्हणता? चढ केव्हा संपला ते कळलं नाही. गणेशपुरीला पोचल्यावर मी मुद्दाम नळीला हात लावून पाहिला. कोमट होती, पण बोट ठेवून दहा अंक मोजता येत होते. येताना डोक्यावर अकराचं ऊन होतं, तरी ती एकदाही खोकली नाही. चाचांचे कपडे कामाचे होते, नाकात बोळा घातला तेवढीच चूक.

संध्याकाळी चाचा चौकशीला आले. मी अंगणात सासूबाईंची ओली लुगडी पिळत होते. मी फाटकी मलमल त्यांना दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"तीस साल," ते म्हणाले. "कापड समोर आलं की हात आपोआप खळ लावतो. माफ करना, भाबी." मग ओट्याकडे वळून घाबरत विचारलं, "आई, गाडी बंद पडली काय?"

सासूबाई नुकत्याच खुर्चीत टेकल्या होत्या. भिंत न धरता आल्या होत्या.

"बंद कुठे पडली?" त्या म्हणाल्या. "हिनं थांबवली. हिला प्रत्येक वस्तू उघडून बघायची खोड आहे. शाळेत पोरांची दप्तरं तपासून लागलेली."

चाचा सुटल्यासारखे हसले. मी लुगड्याचा पीळ घट्ट करत राहिले, वर पाहिलं नाही.

"आणि सूनबाई," मागून आवाज आला, "पुढच्या रविवारी सहाला निघू. सातला निघालं की कुंडात फार गर्दी होते."

सहाला निघायचं म्हणजे चारला उठायचं. मी हो म्हटलं आणि दुसरं लुगडं बादलीतून वर काढलं.