विझवलेल्या लोखंडाचं पाणी

हळर्ण गावच्या सत्यवतीची लेक सेजल पुण्याला पेशींवर संशोधन करते. प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या इवल्याशा भट्ट्या असतात. तिथं पोचलेलं लोह रक्ताच्या कामी का येत नाही, नुसतं साचून का राहतं, हे शोधण्यात तिची सात वर्षं गेली. आणि देवाची करणी अशी, की तेच दुखणं तिच्या धाकट्या भावाला, गौरेशला निघालं.

गौरेश मोप्याला विमानतळावर सामान चढवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला धाप लागू लागली, तेव्हा आईनं फोन केला होता. सेजल घाईत होती. "लोह कमी असेल. गोळ्या दे, तुझं पाणीही दे," म्हणाली. तेव्हापासून सत्यवती रोज सकाळी कोयती चुलीत लाल करायची, ग्रामदेवी सातेरीचं नाव घेऊन पाण्यात विझवायची आणि ते पाणी लेकाला पाजायची. या महिन्यात हाडातल्या मज्जेची तपासणी झाली, तेव्हा खरं दुखणं कळलं. रोज काचेखाली बघायची ती पेशी सेजलला घरात ओळखता आली नव्हती.

ती हळर्णला आली तेव्हा कोयती चुलीतच होती.

"आई, ह्यां पाणी आता देऊ नको. गोळ्यो पण नको."

"कित्याक गो? अंगात रगत नाय तेच्या!"

"लोह भरपूर आसा. रक्त करूक येना. ता काळजात, लिव्हरात जाऊन बसता."

खाटेवरून गौरेश हसला. "ताये, डिचोलेच्या खाणीवरचो ट्रक बोलव गो! खनिज भरलां आसा."

"गप रे मेल्या!" सत्यवती म्हणाली. मग हळूच विचारलं, "म्हणजे मीच घातलंय तेच्या अंगात?"

"तू नाय. मी सांगितलेलां."

सत्यवतीनं लेकीकडे पाहिलं, पण बोल लावला नाही. "बरां. तू एवढी शिकलंस. औषध काय ता सांग."

जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टरांनी तपासणीआधीच तीन महिने देऊन पाहिली होती, गुण आला नव्हता. आता दुसऱ्याचं रक्त चढवायचं. त्या रक्तातही लोहच, म्हणून ते उपसायला आणखी औषध. सेजलनं सगळं सांगितलं. बिघाड कुठल्या भट्टीत, कुठल्या पायरीवर, तेही सांगितलं.

"आणि तो दुरुस्त?"

"अजून कोणाक येना, आई."

लोह मिळावं म्हणून निवडायला घेतलेली तांबडी भाजी सत्यवतीनं बाजूला सारली. नाचण्यातही लोहच, त्या डब्यावरचा हात मागे घेतला.

"मगे आज तेका जेवूक काय घालू, तेवढां तरी सांग."

सेजल फळीवरचा एकेक डबा उघडून बघू लागली.