शांत इंजिन

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना शिकाऊ मंडळी पाठीमागे ‘टॉपगिअर’ म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. अ‍ॅव्हरेज कंपनी देत नाही, चालवणारा देतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्याकडे बघून गिअर बदलणाऱ्याची ते अगदी कीव करत. इंजिन ओरडायला लागलं की वरचा गिअर, कण्हायला लागलं की खालचा. कान उघडे ठेवा, पेट्रोल आपोआप वाचतं.

स्कूलची गाडी थकली, तेव्हा नवी निवडायला ते लेकीला घेऊन गेले. तीही स्कूलमध्ये शिकवायची, पण मास्तरांच्या लेखी अजून कच्चीच होती.

दोन गाड्यांवर येऊन ठेपलं होतं. पहिलीचं इंजिन छोटं. जरा चढ आला की फेरे वाढवून नुसता आरडाओरडा. दुसरीचं मोठं, कमी फेऱ्यांतही ओढ धरणारं, आणि आवाज म्हणाल तर नावाला. सेल्समन मागे बसला, लेक शेजारी. पहिली गाडी मास्तरांनी अशी चालवली की सेल्समन खूश झाला.

दुसरीत मात्र ते दुसऱ्या गिअरमध्येच राहिले. रस्ता मोकळा, फेऱ्यांचा काटा चार हजारांवर, पडद्यावर अ‍ॅव्हरेज घसरत चाललेलं, आणि मास्तर मजेत. लेकीला आधी वाटलं, इंजिनाची परीक्षा घेताहेत. मग घरातला टीव्हीचा दणदणाट आठवला, वाजलेला फोन त्यांनी तिच्याकडे सरकवणं आठवलं.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्हाला ऐकू येत नाही का?”

“अ‍ॅव्हरेज ना? देईल, देईल. वीसच्या खाली नाही यायची. पण हिच्यात जीव नाही. पहिलीच घेऊ.”

सेल्समन खिडकीबाहेर बघू लागला. लेकीने काट्याकडे बोट केलं. मास्तरांनी पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली.

“कधीपासून?” तिने त्यांच्याकडे तोंड करून विचारलं.

“झालं वर्ष.”

“आणि मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर शिकवू दिलं असतंस?”

तिला राग आला होता. पण त्या प्रश्नापुढे तो टिकला नाही. पहिलीचा आरडाओरडा त्यांना ऐकू येत होता. पेट्रोल जास्त गेलं असतं, पण मास्तरांची आणखी चार वर्षं निघाली असती.

“पहिली घेऊ, बाबा,” ती म्हणाली.

मास्तरांनी इंजिन बंद केलं. “इंजिन ऐकू येईल गं. मागचा हॉर्न नाही येणार. लोकांच्या पोरांच्या जिवाशी खेळ नको.”

ते उतरले, वळसा घालून तिच्या दाराशी आले आणि तिला पलीकडे स्टिअरिंगमागे सरकायला सांगितलं.

“हीच घे. पेट्रोल कमी खाते. शिकवायचं तुलाच आहे आता.”