फ्राऊ मोझरबाईंची रायफल आणि आखूड काडतुसं

मोझरबाईंनी रायफल खांद्याला लावली आणि नळीचं टोक हळूहळू खाली यायला लागलं. मी मनात आकडे म्हणत होतो. सहाला टोक गुडघ्यापर्यंत आलं.

"छान दिसते की तुमच्या हातात," आमचा मालक सायडल म्हणाला.

"दिसते," मी म्हणालो. "पेलत नाही."

सायडलनं माझ्याकडे डोळे वटारले. तो माझ्यापेक्षा पस्तीस वर्षांनी लहान. त्याच्या बापानं मला ठेवलं, तेव्हा हा दुकानात तीन चाकांची सायकल फिरवायचा. आता मालक झालाय आणि मला "पवार, तू" म्हणतो. इथे तसंच चालतं. माझ्या बायकोला, सुमनला, ते शेवटपर्यंत पटलं नाही. सुमन जाऊन आता दीड वर्ष झालं.

मी आठवी नापास. कानशीवर हात बसलेला, तेवढ्या भांडवलावर जर्मनीत आलो. रेगेन्सबर्गजवळच्या या दुकानात बंदुका दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. रिटायर झालो तरी आठवड्यात दोन दिवस येतो. घरी बसून भिंतींशी काय बोलू?

तर मोझरबाई. वय सदुसष्ट, उंची माझ्या खांद्याएवढी, उजव्या मनगटात संधिवात. नवरा टोनी चार महिन्यांपूर्वी वारला. दोघंही काउबॉय नेमबाजीच्या क्लबात. म्हणजे काय, तर जुन्या अमेरिकन गुराख्यांसारखे कपडे घालायचे, हॅट घालायची आणि लोखंडी पत्र्यांवर घड्याळ लावून दहा गोळ्या मारायच्या. बंदूक जुन्या पद्धतीचीच लागते. खालची लिव्हर पुढे ढकलून मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवीन आत. खऱ्या जुन्या बंदुका आता म्युझियमच्या लायकीच्या, म्हणून लोक इटलीत बनवलेल्या नव्या नकला घेतात.

टोनीची रायफल लांब नळीची, बाईंना झेपत नव्हती. ती क्लबातल्या एकाला रीतसर दिली. आता बाईंना स्वतःची हवी होती. पिवळं परवाना-कार्ड त्यांनी टेबलावर ठेवलं आणि सरळ सांगितलं, "वसंतातली पहिली मॅच टोनी भरवायचा. त्यात मला उभं राहायचंय. नाही जमलं तर बंदुकांचं कपाट रिकामं करते आणि क्लब सोडते. घरी बसते."

शेवटचं वाक्य मला ओळखीचं होतं.

सायडलनं तीन रायफली काढल्या. पहिली पितळी अंगाची, सोन्यासारखी चमकणारी, वजनाला दगड. हीच त्यांच्या हातात होती. दुसरी त्र्याहत्तरची, म्हणजे अठराशे त्र्याहत्तर सालच्या नमुन्याची. तिसरी ब्याण्णवची, हलकी, मजबूत, पण लिव्हर कडक.

"आल्झो, तर मग पितळी घ्या," सायडल म्हणाला. "क्लबात सगळे बघत राहतील."

"बघायला त्यांना लग्नात जाऊ दे," मी म्हणालो. "बाई, डोळे मिटा. आता लिव्हर दहा वेळा मारा. एकेक बंदूक."

पितळीला सातव्यांदा दम लागला. ब्याण्णवला तिसऱ्यांदाच मनगट धरलं. त्र्याहत्तरला दहा झाले, अकरावा त्यांनी न सांगता मारला.

"ही," त्या म्हणाल्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण आखूड नळीची. आणि दस्ता मी दोन बोटं कापणार."

सायडल कळवळला. "पवार, ते अक्रोडाचं लाकूड आहे!"

"आणि हा बाईंचा हात आहे. लाकूड परत उगवतं."

बाई हसल्या. मग मी तीन दिवस काम केलं. दस्ता कापला, मागचा लोखंडी पत्रा पुन्हा बसवला. आतले घासणारे भाग पॉलिश केले, लिव्हरचा स्प्रिंग हलका केला. ड्रॉइंगवरच्या मापानं लेथवर दहा डमी काडतुसं केली, आत दारू नसलेली. ती दोनशे वेळा फिरवली. एकदाही अडलं नाही. मी सही ठोकली. गेज पास म्हणजे माल पास, हे मी उमेदवारीत शिकलो होतो.

मॅचला आठ दिवस होते. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत क्लबाची रेंज आहे. तिथे बाईंनी पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला, वर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. त्यातली काडतुसं भरली आणि पहिल्यांदाच लिव्हर मारली. अर्ध्यात अडकली. मी मोकळी केली. पुन्हा अडकली. तिसऱ्यांदाही.

बाईंनी हॅट काढून बाकावर ठेवली.

मी एक काडतूस हातात घेतलं आणि माझे कान गरम झाले. टोक एकदम सपाट, गोळी तोंडापर्यंत आत दाबलेली. माझ्या डमीपेक्षा चांगलं नखभर आखूड. ही रिव्हॉल्व्हरची काडतुसं. रायफलच्या नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक राहतात, म्हणून टोक सपाट पाहिजे हे खरं. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडाला टोचली तर धोका. पण लांबीही बरोबर लागते. त्र्याहत्तरमध्ये एक पितळी ठोकळा काडतूस लिफ्टसारखं वर नेतो. काडतूस आखूड असेल तर उरलेल्या जागेत पुढच्या काडतुसाचं बूड घुसतं. लिफ्टच्या दारात माणूस अडकल्यासारखं. लिफ्ट हलत नाही.

मी बंदुकीला दोनशे वेळा विचारलं होतं. बाईंना एकदाही विचारलं नव्हतं, तुम्ही मारता काय?

"ही कुणी भरली?" मी विचारलं.

"टोनीनं. काडतुसं भरायचा परवाना आम्हा दोघांकडे होता, मशिनवर शेजारी बसायचो. हा शेवटचा डबा. पन्नास आहेत."

दुसऱ्या दिवशी दुकानात सायडल म्हणाला, "सोपं आहे. गोळ्या उपटायच्या, नवीन लांब भरायच्या."

"त्या उपटू देणार नाहीत."

"तुला काय माहीत?"

मला माहीत होतं. आमच्या फ्रीजरमध्ये सुमननं केलेल्या गोड्या मसाल्याची एक पिशवी आहे. तिनं स्वतः चिठ्ठी लावलेली. दीड वर्ष मी दुकानातला मसाला आणतो, जो भुशासारखा लागतो, आणि ती पिशवी उघडत नाही. सून दोनदा म्हणाली, "बाबा, वास उडून जाईल." उडू दे म्हणालो. पण हे सायडलला काय सांगणार?

"ठोकळा बदल," तो म्हणाला.

"मग बाकीची काडतुसं शिरणार नाहीत. पन्नासांसाठी बंदूक जन्माची लंगडी करू?"

ब्याण्णव काढून बघितली. तीही ही काडतुसं गिळेना. दोन दिवस मी हात धुऊन त्या रायफलीच्या मागे लागलो. शेवटी लिव्हर उघडी टाकून तिच्याकडे बघत बसलो होतो. लिव्हर उघडली की ठोकळा वर येतो आणि वरून खिडकी मोकळी होते. त्या खिडकीतून मी बाईंचं एक काडतूस आत टाकलं. लिव्हर बंद केली. गप्पकन गेलं. नळकांड्यात दुसरं नसलं की घुसायला कोण येणार?

फोन लावला. "बाई, नऊ काडतुसं नेहमीची भरा. दहावं टोनीचं. नऊ संपली की लिव्हर उघडी ठेवायची, वरून हातानं टाकायचं, बंद, आणि मारायचं. नियमात बसतं, वेळ जास्त जाईल."

मग त्या म्हणाल्या, "वेळेची मला घाई नाही, हेर पवार."

मॅचला मी गेलो. नऊ गोळ्या धडाधड गेल्या, नऊ पत्रे वाजले. मग बाईंनी कनवटीला हात घालावा तसा जॅकेटच्या खिशात हात घातला. घड्याळवाला बाईंच्या पहिल्या नावानं ओरडला, "रेनाटे, वेळ चाललाय!"

"टोनीनंही तुला नेहमी थांबवलंय. थांब!" त्या ओरडल्या. लोक हसले. त्यांनी काडतूस टाकलं, लिव्हर ओढली. दहावा पत्रा वाजला.

नंबर आला शेवटून दुसरा. रिकामं काडतूस त्यांनी वाकून उचललं आणि खिशात टाकलं. पुढच्या मॅचसाठी स्वतःचं नाव तिथेच लिहून आल्या.

त्या संध्याकाळी मी पिशवी उघडली. आमटीत एक चमचा घातला, उरलेली घट्ट बांधून परत ठेवली. वास अजून होता. मीठ मात्र जास्त पडलं, तो दोष माझा.

दुकानात आता माझा एक नियम आहे. गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, घरी कुठली काडतुसं आहेत, कुणी भरली? रायफल त्यानंतर दाखवतो. सायडल म्हणतो, यात वेळ जातो. जातो.