टेस्टरने निवडलेलं वचन

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे टेस्टर म्हणत, कारण त्याच्या शर्टाच्या खिशात पेन कुणी कधी पाहिलं नव्हतं, टेस्टर मात्र कायम. लग्नाच्या फोटोतही आहे. बायको तो फोटो पाहुण्यांना दाखवते आणि खिशावर बोट ठेवून म्हणते, "आणि ही माझी सवत."

दुकानात दोन स्टुलं. दुसऱ्यावर त्याचा भागीदार बसायचा, गुणगुण्या. हा चर्चला जाणारा माणूस. मशीन उघडली की चर्चमधलं गाणं गुणगुणायचा आणि स्क्रू हातातून निसटला की त्याच चालीवर शिव्या द्यायचा. टेस्टरचा देवाशी संबंध बेताचाच, लाईट गेली की "अरे देवा" म्हणण्यापुरता. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसला, पण बाबा रे, रविवारी तू तिथे काय ऐकून येतोस, असं त्याने कधी विचारलं नाही. मग एका दुपारी गुणगुण्या उठला, "छातीत जरा कसंतरी होतंय" म्हणाला, आणि दवाखान्यातून परत आलाच नाही.

महिनाभराने त्याची बायको दुकानात आली.

"रविवारी त्यांच्या आठवणीची प्रार्थना ठेवलीय. शास्त्रातलं वाचन तुम्ही करायचं."

"मी? वहिनी, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"म्हणूनच. ते म्हणायचे, टेस्टरला कळलं म्हणजे जगात कुणालाही कळेल."

ही स्तुती की अपमान, याचा हिशेब टेस्टरला संध्याकाळपर्यंत लागला नाही. "पण वाचायचं काय?"

"तुम्हीच निवडा. तुमच्याइतकं त्यांच्याजवळ कोण होतं?" असं म्हणून वहिनींनी नवऱ्याचं कोपरे झिजलेलं बायबल काउंटरवर ठेवलं आणि गेल्या.

झालं! नाही म्हणावं तर वहिनींचं मन मोडतं, हो म्हणावं तर भर सभेत फजिती.

मॅन्युअल हातात आलं की टेस्टर पहिलं पान कधीच उघडत नाही. कामाचं सगळं मागे असतं. पाणी उपसत नाही? पंप तपासा. ड्रम फिरत नाही? पट्टा बघा. तशीच त्याने रात्री घरी या ग्रंथाची मागची पानं उघडली. तिथे अनेक डोक्यांची श्वापदं, कर्णे, रक्त झालेला समुद्र. त्याने फटकन मिटलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"मागच्या बाजूला सगळं जळून गेलंय."

मग पुढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. उजेड, पाणी, बाग, इथपर्यंत झकास. पण पुढे अमक्याला तमका झाला आणि तमक्याला ढमका, ते काही थांबेचना. "कुणाच्या तरी लग्नाची बोलणी चाललीत," बायको म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

चर्चच्या मागच्या खोलीत नवशिक्यांसाठी बुधवारचा वर्ग असायचा. खुर्च्या बालवाडीच्या. टेस्टर बसला तेव्हा गुडघे हनुवटीला लागले. शिकवायला निवृत्त शाळाबाई, आणि बाईंच्या प्रत्येक वाक्याला शेपूट एकच.

"हे एक पुस्तक नाही, अख्खं कपाट आहे, हो की नाही?"

मला काय माहीत, टेस्टर मनात म्हणाला.

"यात कायदे आहेत, गाणी आहेत, पत्रं आहेत, गोष्टी आहेत. येशूच्या आधीचा तो जुना करार, नंतरचा तो नवा, हो की नाही? येशूची गोष्टसुद्धा चौघांनी सांगितलीय."

"चौघांचं जुळतं?" टेस्टरने विचारलं.

"सगळं नाही जुळत."

"मग ठीक आहे. आमच्याकडे नवरा-बायकोने बिघाड शब्दाला शब्द सारखा सांगितला की समजायचं, मशीनमध्ये सतरंजी कोंबली होती आणि दोघं घरून ठरवून आलीत."

बाई खो खो हसल्या आणि सवयीने म्हणाल्या, "हो की नाही?"

हिंमत करून त्याने विचारून टाकलं. "बाई, दुःखावर काय आहे?"

"दुःखावर? ईयोब वाचा. पण तो वाचताना..." तेवढ्यात कुणीतरी महापुरातल्या नोहाच्या तारवात, त्या जहाजात, डास होते का, असं विचारलं आणि बाई तिकडे वळल्या. टेस्टरला पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. पार्टचं नाव मिळालं होतं.

ईयोब म्हणजे एक सज्जन माणूस. गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले. त्याला भेटायला मित्र येतात. त्यातला एक बोलायला लागतो आणि काय गोड बोलतो! देवच जखम करतो आणि पट्टीही तोच बांधतो, अशा अर्थाचं. टेस्टरला हर्ष झाला. यापेक्षा बरं काय मिळणार? त्याने खूण घातली आणि दुकानात बंद मशीनांसमोर मोठ्याने वाचून पाहिलं. एकाही मशीनने तक्रार केली नाही.

पण दुरुस्त केलेली मशीन गिऱ्हाइकासमोर एकदा चालवून दाखवल्याशिवाय सोडायची नाही, हा दुकानाचा नियम. म्हणून शनिवारी तो वहिनींकडे गेला. तिथे त्यांची नणंद आधीच ठाण मांडून बसली होती. "मी आपलं चांगल्यासाठी सांगते हं वहिनी, पण दादाने तब्येतीकडे लक्ष दिलं का? नाही ना? देव उगाच काही करत नाही. आपणच पेरतो नि आपणच कापतो. मी आपलं चांगल्यासाठी."

टेस्टरने घसा साफ करून वाचायला घेतलं. सुरुवातीलाच तो गोड मित्र विचारत होता, की निरपराध माणसाचं कधी वाटोळं झालंय का? जे त्रास पेरतात, तेच तो कापतात.

"बघा!" नणंदेने मांडीवर थाप मारली. "मी काय वेगळं सांगत होते? शास्त्रातच आहे!"

टेस्टरने ती ओळ पुन्हा पाहिली. कालपर्यंत हेच वाक्य किती सरळ वाटत होतं!

वहिनींनी कप खाली ठेवला. "हे कोण बोलतंय?"

"शास्त्र."

"शास्त्रात कोण?"

"तो... मित्र. भेटायला आलेला."

"मग आजारी माणूस त्याला काय म्हणाला?"

ते टेस्टरने पाहिलंच नव्हतं. मॅन्युअलमधलं प्रत्येक वाक्य बरोबरच असतं. 'पंप उलटा बसवा' असं छापून पुढच्या पानावर 'हे आमचे मेहुणे म्हणाले, ऐकू नका' असं कोणती कंपनी लिहिते?

काहीतरी पुटपुटत तो बाहेर पडला आणि इमारतीच्या जिन्यातच बसून पुढचं वाचू लागला. ईयोब मित्रांना सुनावत होता, की असलं सांत्वन म्हणजे दुखण्यावर डागणी. मग भांडणच भांडण. शेवटी वादळातून देव आला. टेस्टर सावरून बसला. आता उत्तर! त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि बाईंना फोन लावला.

"बाई, गिऱ्हाईक विचारतंय माझी मशीन का बंद पडली, आणि कंपनी म्हणतेय, कारखाना बांधला तेव्हा तू कुठे होतास?"

"हो."

"हे उत्तर झालं?"

"लोक केव्हापासून तेच विचारतायत." या वाक्याला शेपूट नव्हतं. "पण मित्रांना देव काय म्हणाला, ते वाचलंत?"

"तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, असं. म्हणजे चुकीचं बोलणंसुद्धा शास्त्रात ठेवलंय?"

"ठेवलंय. लोक अजून तेच बोलतात, तर ओळखता नको यायला?"

"मग उद्या मी काय वाचू?"

"ते तर तुम्ही निवडायचंय, हो की नाही?"

रविवारी तो उभा राहिला. पहिल्या रांगेत नणंद मान डोलवायला सज्ज. टेस्टरने ईयोबाच्या अगदी सुरुवातीचं पान काढलं. मित्रांनी बातमी ऐकली, आपापल्या गावाहून निघाले. लांबून पाहिलं तर ईयोब ओळखूच आला नाही. मोठ्याने रडले. मग त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले, दिवसरात्र. कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे, हे त्यांना दिसत होतं.

त्याने ग्रंथ मिटला. चर्चचे पाळक पुढच्या वाचनाची वाट पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच. यापुढे ते बोलायला लागतात."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. वहिनींचे खांदे हलत होते, हसण्याने की रडण्याने, ते त्याला कळेना. जागेवर परत जावं की नाही, तेही कळेना. शेवटी तो त्यांच्याच बाकावर टेकला. नणंदेने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

लोक पांगल्यावर वहिनींनी विचारलं, "शेवटी त्या माणसाचं काय झालं?"

"सगळं परत मिळालं. गुरं दुप्पट. मुलंसुद्धा झाली, नवीन."

"नवीन."

"हो."

"आणि आधीची?"

टेस्टरने पान काढलं. शेवटची ओळ वाचली. पान उलटलं तर पुढे दुसरं पुस्तक, गाण्यांचं, सुरू झालेलं. "इथे काही लिहिलेलं नाही, वहिनी."

"नीट बघा."

त्याने ओळीखाली बोट धरून पुन्हा पाहिलं. "नाही."

"इतकी वर्षं ऐकतेय, मलाही विचारायचं सुचलं नाही," वहिनी म्हणाल्या. "बुधवारी मी येते तुमच्याबरोबर. बाईंना विचारू."

"त्यांनाही माहीत नसेल."

"नसू दे की. विचारून तर येऊ."