धक्का मरत नाही

शाळेत संवेग अक्षय्यतेचा नियम मी घोकून पाठ केला, पण कळला तो बाबांच्या कॅरमवर. तेव्हा आम्ही उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये राहायचो. आनंदनगरच्या कारखान्यातून बाबा आले की चहाच्या आधी बोर्ड मांडायचे. स्ट्रायकर टणकन आपटायचा, सोंगटी सुसाट सुटायची आणि स्ट्रायकर मंदावायचा. "बघ, धक्का मरत नाही. याच्याकडून तिच्याकडे जातो." मग सोंगटी मध्येच का थांबते, असं विचारलं तर म्हणायचे, "बोर्ड खातो गं. पावडर टाक, कमी खाईल." ती पावडर फरशीवर सांडायची म्हणून आई या खेळाच्या नावाने खडे फोडायची. तिने उभ्या जन्मात स्ट्रायकरला बोट लावलं नव्हतं.

गेल्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. उजवा हात मांडीवर निपचित, तोंडून शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, हात परत येईल, पण तो वापरायला हवा. बाबा ऐकतील तर शपथ! रबरी चेंडू दिला, त्यांनी ढकलून दिला. मी विनवलं, चिडले, रडलेसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी.

एका रविवारी मी बदलापूरहून, सासरहून, माहेरी गेले तर आईने बोर्ड काढलेला. पुसून, वर पावडर टाकून! बाबांना समोर बसवून ती एकटीच खेळत होती, पोळी लाटावी तसा स्ट्रायकर ढकलत. स्ट्रायकर एका सोंगटीवर गेला, ती दुसरीवर, दुसरी राणीवर, आणि राणी चक्क भोकात.

"राणी माझी!" आईने ती मुठीत धरली.

राणी घेतली की लगेच आपली सोंगटी घालावी लागते, नाहीतर राणी परत मध्यावर. हा नियम बाबांनी लहानपणी मलाही कधी माफ केला नव्हता.

"कव्हर!"

बाबा ओरडले होते. आई मात्र ढिम्म.

"कसलं कव्हर? नाही देत जा. हवी तर घ्या काढून."

तिने मूठ त्यांच्यापुढे धरली. बाबा रागाने वाकले. मी सावरायला पुढे झाले, तर आईने डोळ्यांनीच दटावलं. बाबांनी तिची बोटं एकेक करून उघडली. उजव्या हाताने.