मिठाचा अर्ज

मी काही लिहावे असा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्यापूर्वी कुणी अक्षर काढलेले नाही. ज्यांच्या घरी आजोबांच्या हातच्या पोथ्या आहेत, त्यांच्यापुढे हे कागद ठेवताना मला भय वाटते, त्यांनी क्षमा करावी. शिवाय माझ्या उजव्या हाताची दोन बोटे वाकडी आहेत. शाळेत फळ्यावर लिहितो तेव्हा मागे मुले हसतात. त्यांना मी कारण सांगत नाही. तेच येथे सांगायचे आहे, आणि ते सांगताना माझी बाजू चांगली दिसणार नाही.

आमचे गाव खाडीकाठी आहे. डोंबिवलीहून बांधाने चालत गेले तर पाऊण तास लागतो. गावात सगळी मिठागरावर राबणारी माणसे. माझे वडील मी लहान असतानाच भरतीच्या पाण्यात गेले. मागे आई, थोरला भाऊ आणि मी. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्यानेच मला हात धरून कल्याणच्या शाळेत नेऊन सोडले आणि मास्तरांना सांगितले, "मारा, पन शिकवा." मास्तरांनी दोन्ही केले. पुढे शिष्यवृत्ती मिळून मी मुंबईस कॉलेजात गेलो, तेव्हा आमच्या पाटलांनी दादाला चावडीवर विचारले, "तुजा भाऊस वकील व्हनार का डाक्तर?"

दादाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "बी. ए."

"त्यान काय शिकवतान?"

"सगळ्यातले थोडे थोडे. इतिहास, तर्कशास्त्र, रसायन, अर्थशास्त्र, इंग्रजी काव्य."

"म्हंजे खिचरी," दादा म्हणाला. "आमचा बाला खिचरी शिकतंय." चावडी हसली. दादा सगळ्यांत जास्त हसला, पण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

मला ही खिचडी खरोखर आवडत असे. सकाळी एका प्रोफेसरांनी मीठ कशाचे बनलेले असते ते सांगावे, आणि दुपारी दुसऱ्यांनी मिठावर राजे लोक कर का घेतात ते सांगावे, याचे मला फार नवल वाटे. वाटे की या सगळ्या विद्या एके ठिकाणी येऊन काही काम करीत असतील. तर्कशास्त्राचे प्रोफेसर तर मला देवासारखे होते. ते सांगत, वाद करताना प्रतिपक्षाला जे सिद्ध करता येईल ते आपण होऊन आधीच मान्य करावे. त्याने आपला प्रामाणिकपणा दिसतो आणि पुढचा मुद्दा बळकट होतो. मी हे वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

बी. ए.च्या शेवटच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा गावात सरकारच्या मीठखात्याच्या शिपायांचा जाच चालला होता. मिठागरातले मीठ सरकारचे, हे सर्वांना ठाऊक होते आणि त्याला कुणी हात लावीत नसे. पण खाजणात, बांधाच्या आतल्या पडीक चिखलावर, उन्हाने आपोआप मिठाची पांढरी साय धरते. ती बायका खरवडून आणीत आणि मासळी खारवीत. तेही आता चोरीत धरू लागले. मी आलो त्याच दिवशी वहिनी मासळीची पाटी घेऊन बांधावरून येत होती. शिपायाने पाटी काठीने उडवली, मासे चिखलात तुडवले, आणि मीठ लपवले आहे का पाहायला तिचा अंबाडा हाताला गुंडाळून तिला उकिडवी बसवली. तिच्या डोक्याची कातडी केसांसकट एका जागी निघाली. ती तशीच घरी आली. चुलीतली राख जखमेला लावून भात रांधायला बसली.

दादा फावडे घेऊन उठला. आई दारात आडवी पडली. "मना ओलांडून जा," ती म्हणाली. तेव्हा मी म्हणालो, "दादा, मारामारीने काय होणार? मी अर्ज लिहितो. इंग्रजीत."

आयुष्यात माझे कुणी इतक्या लवकर ऐकले नव्हते. दादाने फावडे भिंतीला टेकवले.

तीन दिवस मी लिहीत होतो. शिकलेले सगळे त्यात घातले. समुद्राच्या पाण्यातून मीठ सूर्य बनवतो, सरकार नाही, हे रसायन. पूर्वीच्या राज्यांत खाजणातले मीठ कुणी विचारले नाही, हा इतिहास. गरिबाच्या गरजेवर कर बसू नये, हे अर्थशास्त्र. आणि कलम दुसऱ्यात, प्रोफेसरांच्या शिकवणीप्रमाणे, मी आधी कबुली दिली: आमच्या गावातील प्रत्येक घरी असे मीठ खरवडले जाते, ही गोष्ट आम्ही लपवीत नाही.

अर्जावर अंगठे उठवायला माणसे ओटीवर जमली. दादा म्हणाला, "आदी वाचून दाव आमच्या बोलीन."

मी वाचून दाखवले. पहिले कलम वाचले आणि मग तिसरे वाचले. दुसरे गाळले. मला वाटले, युक्तिवादाची रीत यांना समजायची नाही, उगाच घाबरतील आणि शंका काढीत बसतील. एवढेच कारण होते. मी पुष्कळदा त्याहून बरे कारण शोधले आहे, पण मिळत नाही. दादाने पहिला अंगठा उठवला. मग बाकीच्यांनी. मी अर्ज टपालाने मीठखात्याच्या साहेबांकडे पाठवला.

पंधरा दिवसांनी, भाकऱ्या चालल्या होत्या त्या वेळी, बांधावरून वीस-बावीस शिपाई आले. बरोबर घोड्यावर एक गोरा साहेब आणि एक मराठी कारकून. गावाला वाटले अर्जाची चौकशी आली. पाटील पागोटे घालून पुढे गेले. आईने मला सदरा बदलायला लावला.

कारकुनाने कागद उघडला आणि मोठ्याने मराठीत वाचले. "'आमच्या गावातील प्रत्येक घरी असे मीठ खरवडले जाते, ही गोष्ट आम्ही लपवीत नाही.' पहिला अंगठा कुणाचा?"

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. दादाने फक्त माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "माजा."

"हे तूच कबूल केलेस?"

"अंगठा माजाच हाय," दादा म्हणाला.

त्यानंतर शिपाई घरांत शिरले. मडकी फोडण्याचा आवाज एकाच वेळी सगळ्या गावातून आला. खारवलेली मासळी, तांदूळ, पाणी, सगळे एकत्र अंगणात. पाटलांच्या म्हाताऱ्या आईच्या पायावर रांजण फुटला आणि ती तशीच ओरडत पडून राहिली. आमच्या घरात शिरलेला शिपाई बांधावरचाच होता. वहिनीने त्याला ओळखले आणि कोयता उचलला. त्याने तिच्या पोटात लाथ मारली. दादाने भिंतीचे फावडे घेतले आणि त्याच्या मनगटावर घातले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मग सहा जण दादावर पडले. त्याला ओढत बाहेर आणून चिंचेला बांधले आणि काठ्यांनी मारले. पहिल्या काही काठ्यांना तो शिव्या देत होता, नंतर नुसता हुंकार देत होता, नंतर तोही नाही. एक काठी कानावर बसली. कानातून रक्त येऊन मानेवरून ओघळले, आणि त्याने मान अशी वाकडी केली, जणू लांबून कुणी हाक मारते आहे.

मी साहेबाच्या घोड्याकडे धावलो. इंग्रजीत म्हणालो, सर, अर्ज मी लिहिला आहे, यांचा दोष नाही, त्या कलमाचा अर्थ पुढच्या कलमाबरोबर घ्यावा. साहेबाने माझ्याकडे नीट पाहिले. "तू लिहिलास? फार स्वच्छ इंग्रजी आहे," तो म्हणाला.

आणि मी म्हणालो, "थँक यू, सर."

कॉलेजात कुणी शाबासकी दिली की असे म्हणायचे, ही सवय होती. तोंडातून निघून गेले. मागे दादाला काठ्या बसत होत्या. गावात इंग्रजी कुणाला येत नव्हते, पण रेल्वेच्या साहेबांमुळे तेवढा शब्द सगळ्यांना ठाऊक होता.

शिपाई दादाला आणि आणखी चौघांना दोरीने बांधून कल्याणला घेऊन गेले. ते बांधावरून दिसेनासे झाले, तेव्हा वहिनीचा भाऊ, जो आंबिवलीहून बहिणीला पाहायला आला होता, माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काय बोललास रं त्याना? थांक्यू?"

मी समजावू लागलो. त्याने तोंडावर मारले. मग बाकीचेही आले. ज्यांची माणसे नेली होती ते आले, ज्यांची मडकी फुटली होती ते आले. मला खाली पाडून लाथा मारताना ते दर लाथेला "थांक्यू" म्हणत होते, आणि कुणीतरी हसत होते. दोन दात मी तिथेच थुंकले. शेवटी वहिनीच्या भावाने माझा उजवा हात उंबऱ्यावर धरला. "या हातान लिवलास ना?" फावड्याच्या दांड्याने त्याने तीनदा मारले. त्याच फावड्याच्या.

आईने डोळे मिटले होते. वहिनीने पोट धरून चालत येऊन भावाला बाजूला केले, आपल्या लुगड्याची चिंधी फाडून माझी बोटे बांधली, आणि म्हणाली, "आता जा. तुजा तोंड मना नको दावू."

मी ठाण्यास एका मित्राच्या खोलीवर राहिलो. दादाला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि त्याला ठाण्याच्याच तुरुंगात ठेवले. भेटायची परवानगी एकदाच मिळाली. तो गजांशी आला आणि डावा कान माझ्याकडे करून उभा राहिला. उजव्याने ऐकू येत नव्हते.

"हाताना काय झाला?"

"पडलो."

"कोनी पारला?" तो म्हणाला, आणि ओठ थोडे हलले. मग म्हणाला, "दुसरा कलम तू आमाना वाचून दावलास नाय."

"नाही."

"कनाला?"

"मला वाटले, तुम्हाला समजणार नाही."

"समजला असता," दादा म्हणाला. "म्हनून त विचारतंय." पहारेकरी वेळ संपली म्हणाला. दादा वळता वळता म्हणाला, "म्होरं काय वाचशील त सगला वाच."

पावसाळ्यानंतर परीक्षा झाली. अर्थशास्त्राच्या पत्रिकेत सरकारी मक्तेदारीचे गुणदोष विचारले होते. मी रीतीप्रमाणे आधी गुण मान्य केले. बोटे अजून धड वळत नव्हती, दौतीत टाक बुडवायलाही वेळ लागे. दोषांपर्यंत पोचण्याच्या आत घंटा झाली. त्या विषयात मला चांगले गुण मिळाले आणि मी बी. ए. झालो.

दादा सुटून आला, त्या दिवशी मी गावाबाहेर बांधावर उभा होतो. तो माझ्यापाशी थांबला नाही, पण मागे वळून म्हणाला, "येतंस का नाय घरी? भात निवंल." मी त्याच्या मागे गेलो. वहिनीने माझ्याकडे न पाहता मला वाढले. तिच्या पोटातले त्या लाथेने गेले होते, हे मला आईने नंतर सांगितले. दादाला ते आधीच ठाऊक होते की नाही, हे मी कधी विचारले नाही.

आणि मग पुढच्या उन्हाळ्यात, अर्ज पाठवल्याला वर्ष होत आले तेव्हा, टपालवाला एक लांब सरकारी लिफाफा घेऊन आला. वर माझे नाव होते. ओटीवर माणसे जमली. तीच माणसे, तीच जागा. वहिनीचा भाऊही होता. मी लिफाफा फोडला आणि मनात वाचू लागलो, तेव्हा दादा डावा कान पुढे करून जवळ सरकला.

"मोठ्यान वाच. गालू नको काय."

चार कलमे होती. मी आमच्या बोलीत वाचली. पहिले, अर्जातील दुसऱ्या कलमातली हकीकत चौकशीअंती खरी असल्याचे आढळले. दुसरे, अर्जदारांची विनंती नामंजूर. तिसरे, खाजणावर नजर राहावी म्हणून गावाच्या बांधाच्या टोकास कायमचा नाका बसवण्यात येईल.

इथे मी थांबलो. चौथे कलम लहान होते. ते गाळले असते तर कुणाला कळले नसते.

"झाला?" दादाने विचारले.

"नाही," मी म्हणालो, आणि तेही वाचले. अर्ज लिहिणाऱ्याचे इंग्रजी उत्तम असल्याने, त्याची इच्छा असेल तर, त्या नाक्यावर कारकुनाची जागा त्यास देण्यात येईल.